दुपारी दोनला बंद पडणारा प्रोग्राम

सकाळी ६:४५

नोव्हेंबर म्हणजे खानदेशात कापसाचे दिवस. जिनिंगच्या फाटकाबाहेर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. काट्यावर काही अडलं की लोक चहाआधी मला फोन करतात. आजचा फोन धुळ्याहून होता. काट्यावरचा ऑपरेटर माझ्याशी अहिराणीतच बोलतो. "भाऊ, दुपार व्हयनी का पावती निंघत नही. प्रोग्राम बंदच व्हई जास."

हा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलेला आहे. वजनकाट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर आकडा येतो, प्रोग्राम तो टिपतो. भरलेल्या गाडीचं वजन नोंदवतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आली की वजाबाकी करतो आणि निव्वळ वजनाची पावती छापतो. जिनिंगमध्ये पायथन म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही आणि असण्याचं कारणही नाही. त्यांच्या डेस्कटॉपवर एक ईएक्सई आहे. त्यावर दोनदा टिचकी मारायची, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध.

फोनवर माझे प्रश्न ठरलेले असतात. कधीपासून होतंय? रोज ठरावीक वेळी की अधूनमधून? परत सुरू केल्यावर चालतो का? आणि त्या कॉम्प्युटरवर अलीकडे कुणी काय केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'काहीच नाही' असं येतं. बाकीची उत्तरं मात्र कामाची निघाली. आठवडाभरापासून, रोज दोनच्या सुमाराला, आणि परत सुरू केला की व्यवस्थित.

मी त्याला एवढंच सांगितलं, की आज काही पुसू नका आणि पुन्हा इन्स्टॉल करू नका. पुन्हा इन्स्टॉल केल्यानं बऱ्याचदा प्रोग्राम चालू होतो, पण बिघाडाचा पुरावा त्यासोबत जातो, आणि चार दिवसांनी तोच फोन परत येतो.

सकाळी ८:३०

जळगावात गोलाणी मार्केटजवळ आमची छोटी खोली आहे. दोन टेबलं, एक जुना डेस्कटॉप, भिंतीवर इन्व्हर्टर. आमचं निम्मं काम प्रोग्राम लिहिण्याचं, निम्मं दुसऱ्यांनी लिहिलेले चालते ठेवण्याचं. गिरणी, वखार, दुकान, पतसंस्था अशा ठिकाणी कुणी तरी कधी तरी काही करून दिलेलं असतं. तो माणूस पुण्याला किंवा बंगळुरूला निघून जातो आणि ईएक्सई इथेच राहतो.

पायथनचा प्रोग्राम स्वतः चालत नाही, पायथन तो वाचून चालवतं. म्हणून तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर न्यायचा तर पायथनही सोबत न्यावं लागतं. पायइन्स्टॉलर हे साधन ते करतं. गॉर्डन मॅकमिलन यांच्या जुन्या 'इन्स्टॉलर'वरून २००५ साली ते पुढे आलं. पायटूएक्सई, सीएक्स-फ्रीझ, नुइटका ही त्याच बिरादरीतली, पण आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत पायइन्स्टॉलरचेच जास्त.

ते तुमच्या प्रोग्राममधल्या 'इम्पोर्ट' ओळी वाचतं, त्या मॉड्यूलच्या आत कोणते इम्पोर्ट आहेत ते वाचतं, असं करत पूर्ण यादी बनवतं. मग ती मॉड्यूल, पायथनचं डीएलएल (म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची फाइल), लागणाऱ्या इतर फायली असं सगळं एकत्र बांधतं. पुढे सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम जोडतं, त्याला बूटलोडर म्हणतात. टिचकी मारली की आधी बूटलोडर जागा होतो आणि तो पायथनला उठवतो.

बांधणी दोन तऱ्हांची असते. एक फोल्डरवाली: ईएक्सई आणि त्याच्या शेजारी सगळ्या फायली. दुसरी एकाच फाइलची: सगळं एका ईएक्सईच्या पोटात. लोकांना दुसरी आवडते, कारण पेनड्राइव्हवर एक फाइल टाकली की झालं. पण विंडोजला डीएलएल त्या पोटातून थेट उचलता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना बूटलोडर टेम्प फोल्डरमध्ये '_एमईआय' अशा अक्षरांनी सुरू होणारं एक नवं फोल्डर तयार करतो, सगळं त्यात उलगडतो आणि स्वतःचीच दुसरी प्रत सुरू करून तिच्याकडून काम करवून घेतो. टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाचे दोन प्रोग्राम दिसतात ते म्हणूनच. काम संपलं की पहिला बूटलोडर ते फोल्डर पुसून जातो. निदान तसा बेत असतो.

प्रवासाला निघालेल्या माणसाला भाकरी बांधून द्यावी आणि पाणी वाटेत मिळेलच असं धरून चालावं, तसा हा प्रकार आहे. ज्या कॉम्प्युटरवर ईएक्सई बनला तिथे पाणी होतं म्हणून कुणाला आठवण झाली नाही. माझं काम म्हणजे वाटेत कोणतं पाणी आटलं ते शोधणं.

सकाळी ९:३०

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. केळीच्या पानाचा फोटो दाखवला की करपा आहे का ते सांगणारा त्याचा प्रकल्प. रावेर-यावलचा मुलगा, घरी केळीच, त्यामुळे विषय मनापासून घेतलेला. कमांड लाइनवरून प्रोग्राम सुरेख चालतो. ईएक्सई केला आणि टिचकी मारली तर एकामागून एक खिडक्या उघडत जातात, पंखा जोरात फिरू लागतो आणि शेवटी लॅपटॉप गोठतो.

हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. फोटोंवरचं काम वाटून घ्यायला त्यानं मल्टिप्रोसेसिंग वापरलं होतं. लिनक्सवर जुन्या प्रक्रियेची प्रत काढून नवी प्रक्रिया करता येते. विंडोजवर ती सोय नाही. तिथे पायथन स्वतःलाच नव्यानं सुरू करून नव्या प्रक्रियेला काम नेमून देतं. पण ईएक्सईमध्ये 'स्वतः' म्हणजे पायथन नसतं, तो ईएक्सईच असतो. मग मदतनीस म्हणून उठवलेला ईएक्सई आपण मुख्य प्रोग्राम आहोत असं समजून पहिल्या ओळीपासून सुरू होतो, तो आणखी मदतनीस उठवतो, ते आणखी.

यावर उपाय एका ओळीचा आहे. मुख्य भागाच्या अगदी सुरुवातीला 'फ्रीझ सपोर्ट' नावाचं फंक्शन बोलवायचं. ते विचारतं, मी मदतनीस म्हणून आलो आहे का? असेन तर नेमून दिलेलं काम करून थांबतो. मुलानं ओळ टाकली, पुन्हा बांधणी केली, एकच खिडकी उघडली. त्यानं विचारलं, "सर, मग माझ्या लॅपटॉपवर आधी का चालत होतं?" कारण आधी पायथन पायथनलाच बोलवत होतं. कोड तोच राहिला, त्याला चालवणारा बदलला.

सकाळी १०:१५

एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमधून मुनीम आले. जळगावात डाळ मिलचा धंदा मोठा. इथून डाळ देशभर जाते. त्यांच्या पावतीवर मालाची नावं इंग्रजीत येत. शेठजींना मराठीत हवी होती. एका ओळखीच्या मुलानं नावांची यादी साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवण्याची सोय करून दिली. मुनीमांनी नोटपॅडमध्ये तूर, मूग, उडीद, हरभरा टाइप केलं. पडद्यावर तुरीच्या जागी लॅटिन अक्षरांची, वर टोपी-टिंब असलेली रांगोळी उमटली. त्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी पाचवं नाव घातलं, कुळीथ. मग प्रोग्राम उघडेनाच.

"कुळथानं असं काय केलं?" मुनीम विचारत होते. प्रश्न बरोबर होता.

नोटपॅड आता फाइल यूटीएफ-८ पद्धतीनं साठवतं. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते. पण पायथनला फाइल उघडताना कोणती पद्धत वापरायची ते सांगितलं नाही, तर ते विंडोजला विचारतं. आपल्याकडच्या 'इंग्लिश (इंडिया)' विंडोजचं उत्तर असतं विंडोज-१२५२, पश्चिम युरोपची जुनी अक्षरपद्धती. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून 'तूर'च्या तीन चिन्हांचे नऊ बाइट नऊ परकी अक्षरं होऊन उमटतात. चूक आहे, पण प्रोग्राम चालतो.

मात्र विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटना कोणतंच अक्षर नेमलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. त्यांच्यातला एकही समोर आला की पायथन हात टेकतं. आता मराठीत हे बाइट कुठे येतात पाहा. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१. जोडाक्षर करणाऱ्या हलन्ताचा ८डी. 'ए'चा ८एफ, 'ऐ'चा ९०, 'झ'चा ९डी. म्हणजे तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, चवळी ही नावं विद्रूप होतील पण वाचली जातील. कुळीथ, ज्वारी, भुईमूग, एरंडी आली की प्रोग्राम मरेल. मुनीमांना मी कागदावर दोन रांगा लिहून दाखवल्या. त्यांना बाइट समजले नाहीत, पण कुळथाचा दोष नाही हे पटलं.

गंमत अशी, की ज्या मुलानं हे केलं त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक होतं. फोनवर विचारलं तेव्हा कळलं, त्यानं पायथनला सगळीकडे यूटीएफ-८ वापरायला सांगणारं एक पर्यावरण-चल फार पूर्वी लावून ठेवलं होतं आणि विसरून गेला होता. पायइन्स्टॉलरनं बांधलेला ईएक्सई पायथनसाठीची अशी चलं मुद्दाम बघतच नाही, नाही तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तो वेगळा वागेल. त्यामुळे हीच ईएक्सई फाइल त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवली असती तरी कुळथावर अडखळली असती. त्यानं तपासलं होतं ते पायथनमधून चालवून. ईएक्सई कधी चालवून पाहिलाच नव्हता.

फाइल उघडण्याच्या ओळीत यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं, बांधणी केली, पेनड्राइव्ह मुनीमांच्या हातात दिला. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हीच मूळ पद्धत धरायची असं ठरलं आहे. तोवर, आणि गिरण्यांमधले जुने ईएक्सई बदलेपर्यंत त्यानंतरही, कुळथाच्या तक्रारी येत राहतील.

सकाळी ११:१५

धुळ्याची एसटी. जळगावहून धुळ्याला रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला गाडी बदलून फाट्यावरची गाडी धरावी लागते. त्यापेक्षा पाळधी, एरंडोल, पारोळा करत हमरस्त्यानं गेलेलं बरं. नव्वदेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनमधून मक्याची कणसं वाळत घातलेली.

एरंडोलच्या अलीकडे फोन आला, सावद्याकडच्या केळीच्या वखारीतल्या ताईंचा. हिशेबाचा प्रोग्राम डेस्कटॉपवरून गायबच झाला आहे. बंद पडला नाही, फाइलच नाही. अँटिव्हायरसनं ती उचलून कोंडून ठेवली होती.

यात अँटिव्हायरसचा पूर्ण दोष नाही. पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर जगभर सगळे वापरतात, त्यात व्हायरस लिहिणारेही आले. एकदा त्यांच्या ईएक्सईवर शिक्का बसला की तसंच तोंड असलेल्या गरीब ईएक्सईवरही संशय जातो. शिवाय स्वतःला टेम्पमध्ये उलगडून तिथून काही चालवणं ही पद्धतच संशयास्पद दिसते. फोल्डरवाली बांधणी केली की हा त्रास कमी होतो, बूटलोडर स्वतः कंपाइल केला की आणखी कमी. डिजिटल सही विकत घेणं हा सगळ्यात सरळ मार्ग, पण वखारीच्या हिशेबाच्या प्रोग्रामला तो खर्च जड जातो. फोनवर ताईंना फाइल क्वारंटाइनमधून परत कशी आणायची ते सांगितलं आणि संध्याकाळी दुसरी बांधणी पाठवतो म्हटलं. अँटिव्हायरस बंद करा, असं मात्र मी कधीच सांगत नाही. तो बंद केला की माझा प्रोग्राम चालतो आणि पुढच्या महिन्यात कुणाचा तरी दुसराच.

दुपारी १:३०

जिनिंग. दोन वाजायच्या आत पोचायचंच होतं. बिघाड वेळ सांगून येत असेल तर आपण आधी जाऊन बसावं.

काट्याच्या खोलीत कॉम्प्युटर, इंडिकेटर, प्रिंटर, टेबलाखाली यूपीएस. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली, आता ती फक्त पायपुसण्याशेजारची पेटी आहे. प्रोग्राम चालू होता. बाहेर कापसाच्या गाड्या, आत भिंतीवर रुईची पांढरी लव.

आधी ऑपरेटरला चालू प्रोग्रामला हात लावू दिला नाही. टेम्प फोल्डर उघडलं. त्यात '_एमईआय'वाली चार-पाच फोल्डरं होती. चालू प्रोग्रामचं एक असायला हवं, मग बाकीची कुणाची? प्रत्येक फोल्डर तयार झाल्याची वेळ बघितली. मग बाहेर जाऊन जनरेटरची वही मागितली. जिनिंगमध्ये डिझेलचा हिशेब चोख असतो. जनरेटर किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद, सगळं लिहिलेलं. वही आणि फोल्डरं शेजारी ठेवली. प्रत्येक वेळी लाईट जाऊन जनरेटर सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी एक नवं फोल्डर.

हिशेब उघड होता. लाईट गेली की कॉम्प्युटर जागच्या जागी मरतो. काम संपल्यावर फोल्डर पुसणारा बूटलोडरही मरतो. लाईट आली की ऑपरेटर प्रोग्राम सुरू करतो, नवं फोल्डर बनतं, जुनं तसंच पडून राहतं. उलगडल्यावर एका फोल्डरचे दीडशे एमबी. दिवसातून पाच वेळा लाईट गेली तर पाऊण जीबी, महिन्यात वीस-बावीस जीबी. छोट्या एसएसडीला हे झेपत नाही.

पण टेम्पमध्ये होती फक्त कालच्या दुपारनंतरची फोल्डरं. आधीची गेली कुठे?

मी ऑपरेटरला विचारलं, मागच्या महिन्यात डिस्क भरल्याची काही तक्रार होती का? तेव्हा त्याला आठवलं. दिवाळीनंतर प्रोग्राम उघडतच नव्हता, 'जागा नाही' असा काही तरी संदेश येत होता. मग शेठजींचा पुतण्या आला होता, त्यानं 'काही तरी सफाई' लावून दिली. सकाळच्या 'काहीच नाही'मध्ये हे बसलेलं होतं.

टास्क शेड्यूलर उघडलं. रोज दुपारी दोन वाजता चालणारी एक बॅच फाइल. टेम्पमधलं सगळं पुसायचं, जे पुसलं जाणार नाही ते सोडून द्यायचं.

दोन वाजले. काळी खिडकी क्षणभर चमकून गेली. जुनी फोल्डरं नाहीशी झाली. चालू प्रोग्रामचं फोल्डर राहिलं, पण अर्धं. डीएलएल होती, कारण चालू प्रोग्रामनं धरलेली डीएलएल विंडोज पुसू देत नाही. पावतीचा साचा आणि मराठी फाँट ठेवलेलं आतलं फोल्डर रिकामं झालं होतं, कारण त्या फायली प्रोग्राम छापायच्या वेळीच उघडतो आणि लगेच बंद करतो. म्हणून वजन दिसत राहिलं, गाडीचा नंबर घेता आला, आणि पुढच्या गाडीच्या पावतीचं बटण दाबल्याबरोबर प्रोग्राम मिटला. परत सुरू केला की फोल्डर नव्यानं भरतं, म्हणून चालतो. उद्या दोनपर्यंत.

पुतण्यानं चूक केली असं मला वाटत नाही. डिस्क भरली होती, त्यानं रिकामी केली. टेम्प ही जागा पुसण्यासाठीच असते. तिथे दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रामचा संसार मांडलेला असेल, हे त्याला कोण सांगणार? एका फाइलच्या बांधणीत ते बाहेरून दिसतच नाही.

पुढचं काम तासाभराचं. लॅपटॉपवर फोल्डरवाली बांधणी केली. आता काही उलगडायचं नाही, टेम्पशी संबंध नाही, लाईट गेली तरी मागे कचरा नाही, आणि प्रोग्राम सुरूही लवकर होतो. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर, डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट. नोंदींची फाइल ईएक्सईशेजारी न ठेवता वेगळ्या जागी ठेवली, म्हणजे पुढची आवृत्ती टाकताना कुणी ती पुसणार नाही. पुतण्याची सफाई तशीच राहू दिली, ती आता निरुपद्रवी आहे. जिनिंगच्या मुनीमांना यूपीएसच्या बॅटरीचं लिहून दिलं. वजनाची नोंद होत असताना लाईट गेली तर डेटाबेसचं काय होईल, त्याला बांधणीचा कोणताही प्रकार उत्तर देत नाही.

दुपारी ४:१५

धुळे शहर. आग्रा रोडच्या बाजूला एक कृषी सेवा केंद्र. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७. साठ्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली आणि एक लांबलचक नावाचं डीएलएल सापडत नाही असा संदेश येऊ लागला. एपीआय-एमएस-विन-कोर-पाथ अशी सुरुवात.

हे डीएलएल कुणी हरवलेलं नाही. ते विंडोज ७ मध्ये नव्हतंच. पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि २०२० सालच्या ३.९ पासून पायथननं विंडोज ७ सोडलं. त्याच वर्षी १४ जानेवारीला मायक्रोसॉफ्टनंही त्याचा आधार संपवला होता. बांधणाऱ्यानं कॉम्प्युटर बदलला, नवं पायथन घेतलं, बांधणी सुरळीत झाली, आणि इथे येऊन अडली. लोक इंटरनेटवरून ते एकटं डीएलएल उतरवून चिकटवतात. तसं करू नये. फाइल कुठून आली ते माहीत नसतं आणि पुढचं डीएलएल कमी पडतंच.

३२ बिटचं विंडोज आहे हेही इथेच कळलं. पायइन्स्टॉलर ज्या विंडोजवर, ज्या बिटच्या पायथननं चालवाल, त्याचाच ईएक्सई देतं. ६४ बिटचा ईएक्सई ३२ बिटच्या विंडोजवर उघडणार नाही. दुकानदारासमोर दोन मार्ग ठेवले. एक, पायथन ३.८ च्या ३२ बिट आवृत्तीनं बांधून देतो, पण त्या पायथनच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२४ मध्ये संपल्या आहेत, तेव्हा या कॉम्प्युटरला इंटरनेट नको. दोन, नवा कॉम्प्युटर घ्या. ते म्हणाले, "रब्बीचं बियाणं विकलं का बघू." मग आज पहिला मार्ग.

रात्री ८:००

परतीच्या एसटीत अंधार, लॅपटॉप उघडायची सोय नाही. पोचल्यावर खोलीत थेट बांधणीला बसलो. आधी वखारीच्या ताईंची फोल्डरवाली बांधणी पाठवली. मग आमच्या सगळ्या प्रोग्राममध्ये जायचा एक सामायिक भाग हातात घेतला.

दिवसभरात माझा सगळ्यात जास्त वेळ दुरुस्तीत गेला नाही. काय झालं ते कळण्यात गेला. खिडकीवाल्या ईएक्सईला कन्सोल नसतो. पायथन मरताना जे ओरडतं ते जाण्याची जागाच तिथे रिकामी असते. इतकंच काय, एखादी प्रगतीपट्टी त्या रिकाम्या जागी लिहायला गेली तर तीच नवा बिघाड करते. ऑपरेटरला दिसतं ते 'उघडलं आणि मिटलं' एवढंच.

म्हणून प्रत्येक ईएक्सई सुरू झाल्याबरोबर एका फाइलमध्ये आपली ओळख लिहील: आवृत्ती, विंडोज कोणतं, किती बिट, आपण कोणत्या फोल्डरातून चालतो आहोत, डिस्कवर किती जागा उरली आहे, मूळ अक्षरपद्धती कोणती. मरताना पायथननं सांगितलेला निरोप त्याच फाइलमध्ये. आणि बिघाड पायथनच्या खाली, एखाद्या डीएलएलमध्ये झाला तर पायथनला निरोप द्यायलाही वेळ मिळत नाही. त्यासाठी 'फॉल्टहँडलर' हे मॉड्यूल आहे, पायथन ३.३ पासून. तेही मुळात कन्सोलवर लिहितं, म्हणून त्यालाही फाइल द्यावी लागते. एवढं असतं तर आजचं धुळ्याचं काम फोनवर झालं असतं: 'साच्याची फाइल सापडत नाही, जागा टेम्पमधली', ही एक ओळ पुरली असती.

रात्री १०:००

राहिलेलं काम कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपचं. त्यावरून पायथन काढून टाकलं. विंडोज इंग्लिश (इंडिया)च ठेवलं. वापरकर्त्याचं नाव मुद्दाम मराठीत दिलं, जोडाक्षर असलेलं, म्हणजे टेम्पच्या पत्त्यातही देवनागरी येईल. अँटिव्हायरस चालू, इंटरनेट बंद, डिस्कवर जागा जेमतेम. मालाच्या यादीत पहिलं नाव कुळीथ, दुसरं ज्वारी. रोज टेम्प पुसणारी बॅच फाइलही लावली, पुतण्याच्या धर्तीवर.

उद्यापासून आमच्याकडून बाहेर जाणारा प्रत्येक ईएक्सई आधी इथे चालेल, आणि पावती छापता छापता एकदा या डेस्कटॉपचा प्लग ओढला जाईल. पुन्हा सुरू केल्यावर टेम्पमध्ये काही उरलेलं नसेल, नोंद जागेवर असेल आणि पावती कुळथासकट निघेल, तरच पेनड्राइव्ह भरायचा. आमच्या लॅपटॉपवर चालतो, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. जिनिंगमध्ये आमचा लॅपटॉप नसतो, तिथे लोडशेडिंग असतं.